राणीची बाग, कान्हेरी की चौपाटी: उकाड्यात मुलांना न्यायचं कुठे?

मुलांना घेऊन अख्खी सकाळ बाहेर काढायची आणि पाचशेच्या नोटेतले पैसे उरवून घरी यायचं, हे मुंबईत अजूनही जमतं. अडचण पैशांपेक्षा उकाड्याची. आपल्याकडे पारा 33-34 वरच असतो, पण हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. मोठी माणसं सोसतात. लहान मूल आधी किरकिर करतं, मग गप्प होतं. गप्प झालं की समजायचं, आपल्याला उशीर झाला. म्हणून मी तिकिटाच्या आधी सावली बघते, पाणी बघते आणि परतीची गाडी बघते.

माझा मोठा नऊ वर्षांचा, धाकटी चारची. राहतो कुर्ल्याला. आम्ही पुन्हापुन्हा जातो त्या तीनच जागांचं सांगते: भायखळ्याची राणीची बाग, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली कान्हेरी लेणी आणि गिरगाव चौपाटी.

पाच वर्षांच्या आतलं मूल सोबत असेल तर डोळे मिटून राणीची बाग. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरायचं, दहाएक मिनिटं चालायचं. आई-वडील आणि दोन मुलं मिळून आमचं तिकीट 100 रुपयांचं झालं. रस्ते सपाट आहेत, बाबागाडी सहज फिरते, बसायला बाकं आहेत, स्वच्छतागृहं आहेत. लोक पेंग्विनसाठी येतात. 2017 पासून ते इथे बघता येतात. हे हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या काचेच्या घरासमोर वातानुकूलित हवा लागते, तिथे मुलं हलायला तयार होत नाहीत. धाकटी काचेला नाक लावून उभी राहते, तिच्या श्वासाने काच धुरकट होते, ती फ्रॉकने पुसते आणि पुन्हा नाक लावते. पण रविवारी अकरानंतर तिथे मोठी रांग लागते. बाग उघडली की सगळ्यात आधी पेंग्विन, बाकीचं मागून.

माझ्या मते मात्र या बागेची खरी दौलत तिची झाडं आहेत. ही जागा 1860च्या दशकात मुळात वनस्पती उद्यान म्हणूनच उभी राहिली, त्यामुळे इथली सावली शंभर-दीडशे वर्षांची आहे. बाहेरच्या रस्त्यावरून आत शिरल्यावर पहिल्या दोन मिनिटांत फरक कळतो. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच दाखवाच मुलांना. तिचा बुंधा कवेत घ्यायला आमच्या चौघांचे हात पुरले नाहीत. बागेला लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिलं ते याच हत्तीवरून. बेटावर जायला लाँचचे पैसे पडतात, हा हत्ती मात्र भायखळ्यातच भेटतो. बुधवारी बाग बंद असते, हे आधी बघून निघा. आणि रविवारी मेन लाइनवर मेगाब्लॉक असेल तर दिवस बदला. घामेजलेलं मूल कडेवर घेऊन प्लॅटफॉर्मवर अर्धा तास उभं राहण्याइतकी कुठलीच सहल मोलाची नाही.

कान्हेरीचं सगळंच उलटं. पैसे जास्त, चढ जास्त, आणि आनंदही जास्त, पण मूल सात-आठ वर्षांचं झाल्यावर. बोरिवली पूर्वेला उद्यानाचं फाटक स्टेशनपासून चालण्याजोगं आहे. तिथून लेणी सहाएक किलोमीटर आत. उद्यानाचं तिकीट वेगळं, आतल्या बसचं वेगळं, लेण्यांचं वेगळं. लेण्यांना मोठ्यांना 25 रुपये आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. तरी सगळं धरून खर्च राणीच्या बागेच्या काही पट होतो. सोमवारी बंद.

शंभरावर लेणी आहेत, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं कोरत गेलेली. तिसऱ्या लेण्यातला चैत्य, म्हणजे भिक्षूंचं प्रार्थनागृह, आणि त्याच्या ओसरीतल्या बुद्धाच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती सगळे बघतातच. माझ्या मुलाला वेड लावलं ते पाण्याने. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात खोदलेलं टाकं आहे, त्याला पोढी म्हणतात. डोंगरावर पडणारा पाऊस बारीक पन्हळींमधून या पोढ्यांत उतरतो. मुलाने एका पन्हळीत बोट ठेवलं आणि ती कुठून येते ते शोधत वरच्या लेण्यापर्यंत गेला. भिक्षूंना उन्हाळा कसा निभावता आला असेल, हे त्याचं त्यालाच उमगलं. मग त्याला सांगितलं की मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव याच जंगलात आहेत. घरचा नळ उघडताना आठवडाभर तोच विषय.

पण इथला कातळ काळा बेसाल्ट आहे, तो तापतो. एका एप्रिलमध्ये आम्ही घरातूनच उशिरा निघालो आणि लेण्यांशी पोचेपर्यंत साडेअकरा झाले. पायऱ्यांवर हात टेकवत नव्हता. धाकटी तेव्हा तीनची. ती चढावर गप्प झाली, चेहरा लालबुंद. लेण्याच्या आत गारवा असतो, तिथे तिला निजवली, ओल्या रुमालाने पुसत राहिलो, चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासाने ती बोलायला लागली. तेव्हापासून मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही कान्हेरीला जातच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठच्या आत फाटकाशी, बारापर्यंत खाली. पाणी माणशी एक लिटर बरोबर घ्या. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा माकडांसमोर उघडू नका, ती हातातून ओढून नेतात.

चौपाटीला तिकीट नाही आणि वयाची अटही नाही. चर्नी रोडला उतरलं की समोर समुद्र. पण दुपारी वाळूवर तसूभर सावली नसते, म्हणून उन्हाळ्यात ही जागा फक्त संध्याकाळची, पाचनंतरची. आणि जायचं ते भरती-ओहोटी बघून. कोळ्यांचा जुना हिशेब फार कामाचा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी पाणी वर चढलेलं, वाळूची पट्टी अरुंद, आणि मुलांना सांभाळताना जीव टांगणीला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी होऊन जाते, संध्याकाळी पाणी पार मागे सरलेलं असतं आणि किल्ले करायला भरपूर ओली वाळू मिळते. कालनिर्णय भिंतीवर असतंच, तिथी बघायला पैसे पडत नाहीत. पावसाळ्यात आणि गणपतीच्या दिवसांत मात्र मुलांचे पाय पाण्यात घालू नका, तेव्हा किनाऱ्याजवळ जेलीफिश आणि पाकट मासे येतात.

चौपाटीवर खर्च होतो तो भेळेचा आणि गोळ्याचा. गोळ्याच्या बर्फाचं पाणी कुठलं ते कळत नाही, म्हणून मी थर्मासमध्ये कोकम सरबत नेते आणि भेळ तेवढी तिथे घेते. साध्या पाण्याची आणखी एक बाटली पाय धुवायला ठेवा. परतीच्या गाडीत गर्दी असते आणि वाळूने भरलेले पाय शेजारच्याच्या पँटला लागतात.