ड्रॅगन सोमवारी पाहावेत की साठवून?

दर सोमवारी एक भाग येणाऱ्या 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' या मालिकेचा नवा सीझन आला की आमच्या कोथरूडच्या घरात दोन तट पडतात. मी सोमवारी सकाळी साडेसहाला टीव्हीपुढे. बायको म्हणते, संपू दे सगळा, मग एका शनिवार-रविवारी उरकू. दोन्ही प्रकार करून झालेत, तेव्हा अनुभवाचं सांगतो.

साडेसहा का, तर अमेरिकेत रविवारी रात्री नऊला भाग लागतो तेव्हा आपल्याकडे सोमवार उजाडलेला असतो. हिंजवडीची कॅब पकडणाऱ्याला तासाभराचा भाग तेव्हा बघणं म्हणजे अर्धा बघणं आणि अर्धा डबा भरता भरता ऐकणं. शिवाय उजेड. २९ एप्रिल २०१९ ला याच जगातल्या आधीच्या मालिकेतली, 'गेम ऑफ थ्रोन्स'मधली ती मोठी लढाई आली, आठव्या सीझनचा तिसरा भाग, ८२ मिनिटं, सगळी रात्रीची. पिंपरी-चिंचवडकरांना मतदानाची सुट्टी तरी होती. माझ्या पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट स्क्रीनवर, आणि लढाईपेक्षा माझा बनियनच जास्त स्पष्ट दिसला. काही दिसत नाही ही ओरड जगभर झाली म्हणा, पण मी तोच भाग पुढे रात्री दिवे मालवून पाहिला आणि चक्क वेगळा वाटला. चित्र महत्त्वाचं असेल तर साठवणारे जिंकतात.

पैशातही तेच. 'ड्रॅगन'चा दुसरा सीझन २०२४ मध्ये १७ जूनपासून ५ ऑगस्टपर्यंत चालला. भाग जेमतेम आठ, पण महिन्याचं सबस्क्रिप्शन घेणाऱ्याला दोनदा पैसे. थांबलात तर एकात भागतं.

तरी मी सोमवारवालाच, कारण ही गोष्ट मुळात भावकीची. बापानं मुलीला वारस नेमलं, गादीवर बसवला सावत्र भाऊ. गादीपायी घरातलेच घरच्यांवर कसे उठतात हे शनिवारवाड्याच्या गावात वेगळं समजवावं लागत नाही. नारायणरावांचा खून १७७३ चा, पण 'ध'चा 'मा' अजून आपल्या तोंडी आहे. अडचण नावांची. ऱ्हेनिरा, ऱ्हेनिस, ऱ्हेना, वर एगॉन एकाहून जास्त. एका बैठकीत चार भाग झाले की बायको विचारते, "अहो, ही नेमकी कुणाची कोण?" मधे आठवडा मिळाला की वंशावळ डोक्यात बसते. ऑफिसच्या चहावर कोण बरोबर, कोण हरामखोर यावर भांडण होतं, आणि निम्मी मजा त्या भांडणातच आहे. थांबणाऱ्यानं दोन महिने फोन जपून उघडावा; कोण मेलं ते मंगळवारपर्यंत कुणीतरी सांगतंच.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जगातल्या 'रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेचा हिशेब मात्र उलटा. तिचा दुसरा सीझन २९ ऑगस्ट २०२४ ला तीन भागांनी सुरू झाला आणि उरलेले दर गुरुवारी एक असे ३ ऑक्टोबरपर्यंत आले. गुरुवार! पुण्यात हा वीज-पाणी बंदचा वार. त्यात मधे गणपती, म्हणजे संवादांवर ढोल-ताशा. पण खरं कारण दुसरंच आहे. एल्फ, बुटके, न्यूमेनॉर हे माणसांचं बेटावरचं राज्य, हारफूट ही चिमुकली भटकी माणसं असे चार-पाच धागे एकाच वेळी चालतात, त्यामुळे एका भागात प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं आणि पुढच्या आठवड्यापर्यंत तेही विसरतं. खलनायक सौरॉन जादूच्या अंगठ्या कशासाठी घडवून घेतोय हे बहुतेकांना आधीच ठाऊक, म्हणजे चहावर भांडायलाही फार काही नाही. ही दिवाळीच्या सुट्टीला ठेवा, सलग बघा.

ड्रॅगनवाल्यांची भावकी तुम्हाला आवडत असेल पण सोमवारी उठवत नसेल, तर शेवटचे तीन भाग बाकी असताना सुरुवात करा. शनिवार-रविवारी रात्री दोन-दोन भाग, दिवे मालवून, आणि शेवटचा भाग सगळ्यांबरोबर सोमवारी. आमच्याकडे यावर तह झालाय. त्या सोमवारचा चहा माझ्याकडे.