काळ्या चहासाठी फूड डिहायड्रेटर: कोमेजवायला झकास, पहिल्या आचेला कच्चा

पाव-अर्धा किलो ताज्या पानांवर काळ्या चहाचे प्रयोग करणारे बहुतेक जण आधी फूड डिहायड्रेटर, म्हणजे गरम हवेने फळं-भाज्या सुकवायचं यंत्र, घेतात, आणि घेतात तो चहा वाळवायला. गंमत म्हणजे हे यंत्र नेमकं त्याच कामात अर्धवट पडतं. ज्या कामासाठी कुणी विकत घेत नाही, त्यात मात्र पैसे वसूल करून देतं. इथे बोलतोय ते मागे पंखा, पाच चौकोनी ट्रे आणि ३५ ते ७० अंश तापमान असलेल्या साध्या मॉडेलबद्दल. एकावर एक गोल थाळ्या रचलेलं, खालून हवा सोडणारं मॉडेल चहासाठी घेऊच नये. त्यात तळची थाळी कडकडीत होते तेव्हा वरची ओलीच असते आणि सारखी अदलाबदल करत बसावं लागतं.

आधी कोमेजवणं. ताज्या पानात साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असतं, ते ६० ते ६५ टक्क्यांवर आणायचं असतं. ट्रेवर दोन पानं-एक कळी अशी खुडलेली ६० ग्रॅम पानं विरळ पसरली की पाच ट्रेत ३०० ग्रॅम बसतात. त्यांचं वजन १८० ते १९५ ग्रॅमवर आलं की थांबायचं. डोळ्यांपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवा. देठ वाकवला तर मोडू नये, मूठभर पानं दाबली तर गोळा व्हावा आणि मूठ सोडल्यावर तो सावकाश उलगडावा.

इथे एक मोह टाळायला हवा. ३५ अंशांवर यंत्र लावलं तर वजन काही तासांत उतरतं, पण पानाच्या कडा कुरकुरीत होतात. त्या कडा मळताना वळत नाहीत, त्यांचा नुसता चुरा होतो. शिवाय कोमेजवणं म्हणजे फक्त पाणी घालवणं नव्हे. त्या बारा-चौदा तासांत पानाच्या आत जे बदल होतात त्यावर सुगंध ठरतो, आणि पंख्याने ते लवकर उरकत नाहीत. म्हणून हीटर बंद, दार उघडं, ट्रे रात्रभर तसेच. सकाळी वजन जास्त वाटलं तरच पंखा. नुसता पंखा चालवायची सोय नसलेलं मॉडेल असेल तर या कामाचे निम्मे गुण कापा.

मळण्यात यंत्राचा संबंध नाही. खरबरीत पृष्ठभागावर हाताने २० ते ३० मिनिटं, आधी हलक्या दाबाने, मग जोर वाढवत. पानाचा रस वर येऊन हात चिकट झाले पाहिजेत. गोळे मध्येमध्ये फोडा, नाहीतर आत उष्णता साठते. पेशी नीट फुटल्या नाहीत तर पॉलिफेनॉल (पानातली तुरट द्रव्यं) आणि एन्झाइम (त्यांचा रंग पालटणारी प्रथिनं) एकत्र येत नाहीत आणि पुढे कितीही वाट पाहिली तरी चहा हिरवटच लागतो. खिमा करायच्या यंत्रातून पानं काढली तर रंग झटपट आणि एकसारखा येतो, कडक दाणेदार चहासारखा, पण पानाचा आकार विसरा.

ऑक्सिडेशनसाठी, म्हणजे मळलेलं पान हवेतल्या ऑक्सिजनने तांबूस होऊ देण्यासाठी, डिहायड्रेटर म्हणजे एक बरी पेटी, इतकंच. पंखा आणि हीटर दोन्ही बंद, आत गरम पाण्याची वाटी, मळलेली पानं तीन-चार सेंटिमीटर जाडीने पसरून वर ओलं फडकं. तापमान २४ ते २७ अंश. पंखा चालू राहिला तर वरचा थर सुकतो आणि तिथलं ऑक्सिडेशन अर्ध्यावर थांबतं. तापमान तिशीच्या वर गेलं तर रंग पटकन चढतो, पण चहा सपक होतो. मळायला सुरुवात केल्यापासून दोन ते तीन तासांत कापलेल्या गवताचा वास जाऊन फळासारखा गोडसर वास येतो, पान तांबूस होतं.

आता खरी तक्रार. ऑक्सिडेशन थांबवायला पान झटकन तापायला हवं. कारखान्यात साधारण १०० अंशांची हवा सोडतात ती त्यासाठीच. डिहायड्रेटरवर आकडा ७० दिसतो, पण तो पंख्याजवळच्या हवेचा. ओल्या पानातून पाणी उडत असतं तोवर पान स्वतः थंड राहतं, पहिला बराच वेळ एन्झाइमला उलट पोषक अशी ऊब मिळते. निकाल म्हणजे उकळून ठेवल्यासारखा, मंद, बिनधारेचा चहा. ट्रे गच्च भरले की हे दुप्पट जाणवतं.

उपाय सोपा आहे. पंख्याचा ओव्हन ११० अंशांवर आधी तापवा, पातळ थर, दार किंचित उघडं, १५ ते २० मिनिटं, मध्ये एकदा परता. मग ७० अंशांवर डिहायड्रेटरमध्ये दोन-तीन तास. या दुसऱ्या टप्प्यात तो उत्तम आहे, जळण्याची भीतीच नाही. ओव्हन नसेल तर पान पूर्ण तांबूस होण्याआधीच, अर्धा तास लवकर ट्रेवर टाका. उरलेलं ऑक्सिडेशन हे यंत्र आपोआप करून टाकेल.

शेवटही काट्यावरच ठरवा. ३०० ग्रॅम पानांचा चहा ७० ते ७२ ग्रॅम भरला पाहिजे. ८० भरला तर आत १४ टक्क्यांच्या आसपास पाणी आहे, डब्यात कोंदट वास धरेल. कधी बाहेरून कडक वाटलेलं पान बंद बरणीत रात्रभर राहून सकाळी मऊ पडतं. आच घाईने दिली, बाहेरचा थर आधी सुकला आणि आतला ओलावा मागाहून वर आला, असा त्याचा अर्थ. पुन्हा तासभर ७० अंशांवर.

किरकोळ उणिवा बऱ्याच. ट्रेची जाळी मोठी, वळलेलं पान सुकलं की खाली गळतं; बारीक जाळीचं कापड वेगळं घ्यावं लागतं. भोकं नसलेली सिलिकॉन शीट टाकू नका, हवा अडते. नवं यंत्र दोन तास रिकामं ७० अंशांवर चालवा आणि कांदा-लसूण वाळवलेलं यंत्र चहाला लावूच नका, चहा वास ओढून घेतो. ट्रे स्टेनलेस स्टीलचे असावेत. साध्या लोखंडाला पानाचा रस लागला की काळे डाग पडतात.

ओव्हनचा टप्पा खरंच लागतो का, असं वाटत असेल तर एकाच घाण्याचे दोन भाग करा. एक ओव्हनमधून, एक थेट डिहायड्रेटरमध्ये. आठवडाभर डबाबंद ठेवून दोन्हींचा कोरा चहा करा, १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम, सहा मिनिटं. मग दोन्ही कपांत चमचाभर दूध घाला. एकाचा रंग तांबूस, उजळ राहील. दुसरा राखाडी पडेल.