माडावरून पडून त्रिकास्थी मोडली: नुसते स्क्रू की कंबर-ओटीपोट जोडणी?

कोकणात माड-पोफळीवरून पडलेल्यांत मणके मोडतात, पण त्रिकास्थीचा (कण्याच्या तळाशी, दोन नितंबांच्या हाडांमधले त्रिकोणी हाड) ‘यू’ आकाराचा अस्थिभंग दुर्मीळ. त्यात कणा ओटीपोटाच्या हाडांपासून सुटतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो सहज निसटतो; सीटी स्कॅनचा बाजूचा छेद पाहावाच.

हाड फारसे सरकले नसेल आणि लघवी, गुदद्वाराभोवतीची संवेदना शाबूत असेल, तर कातडीतून घातलेले इलिओसेक्रल स्क्रू (नितंबाच्या हाडातून त्रिकास्थीत जाणारे) पुरतात. स्क्रूची जाडी साधारण ७ मिलिमीटर, कातडीवरचा छेद बोटाच्या रुंदीएवढा, रक्तस्राव किरकोळ. मात्र मोडलेल्या हाडाचा वाक सुधारत नाही, सहा ते बारा आठवडे पायांवर भार बेताचाच. स्क्रू पुढे घसरला तर एल-५ नस (कंबरेतून पायाकडे जाणारा मज्जातंतू) दुखावते आणि पाऊल लुळे पडते.

हाड वाकून नसा दाबल्या असतील तर स्क्रूंवर भागवणे चूक. तिथे कंबर-ओटीपोट जोडणी हवी: कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांपासून (एल-४, एल-५) इलियमपर्यंत (नितंबाचे रुंद हाड) सळ्या, सोबत नसा मोकळ्या करणे. रुग्ण लवकर उभा राहतो. किंमत: जास्त रक्तस्राव, जखमेत जंतुसंसर्ग आणि सडपातळ माणसाला टोचणारी स्क्रूची डोकी, ती पुढे काढावी लागतात.

लघवी अडली असेल तर वाट पाहू नये. घाटातून नेतानाही सपाट फळीवरच.