न्यू बॉय : ऑथेल्लो शाळेच्या ग्राउंडवर, साडेतीन स्टार

आधीच सांगून टाकते, हे पुस्तक शेक्सपिअरचं ऑथेल्लो नाटक वाचलेल्या माणसाला एक लागतंय आणि ज्या पोरांना ऑथेल्लो म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांना वेगळंच लागतंय, म्हणून मी आणि माझी दहावीतली भाची दोघींनी वाचलं आणि दोघींचं मिळून लिहितेय.

ट्रेसी शेव्हालिएची ही कादंबरी २०१७ ची. शेक्सपिअर जाऊन २०१६ ला ४०० वर्षं झाली ना, त्याच्या आगेमागे एका इंग्रजी प्रकाशनानं नावाजलेल्या कादंबरीकारांकडून एकेक नाटक आजच्या काळात लिहून घेतलं, त्या मालिकेतलं हे. तशी मालिका मोठ्यांसाठीच, जो नेस्बोचा मॅकबेथ तर पोलीस आणि ड्रग्जवाला आहे, तो पोरांच्या हातात चुकूनही देऊ नका. पण न्यू बॉयमधली मुख्य पात्रं सहावीतली अकरा वर्षांची पोरं आहेत आणि इंग्रजी सोपं आहे, त्यामुळं आठवी-नववीच्या पुढचं कुणीही वाचू शकतंय.

गोष्ट १९७४ ची, वॉशिंग्टनजवळची एक शाळा, सगळी गोरी पोरं. तिथं वर्ष संपत आल्यावर ओसेइ येतो, घानाच्या राजदूत खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा. वडिलांच्या बदल्यांमुळं हा सारखा नव्या शाळेत नवा पोरगा. मूळ नाटकात ऑथेल्लो हा व्हेनिसचा काळा सेनापती, इयागो त्याचे खोटे कान भरतो की तुझ्या बायकोचं, डेस्डिमोनाचं, तुझ्या हाताखालच्या कॅसिओबरोबर जमलंय, आणि तो तिला मारतो. इथं ओसेइ म्हणजे ऑथेल्लो, डी म्हणजे डेस्डिमोना, इयान म्हणजे इयागो, कॅस्पर म्हणजे कॅसिओ, आणि अख्खी शोकांतिका एका दिवसात: शाळा भरायच्या आधी, सकाळची सुट्टी, जेवणाची सुट्टी, दुपारची सुट्टी, शाळा सुटल्यावर. असे पाच भाग, पाच अंकांसारखेच. सकाळी जमतंय आणि संध्याकाळपर्यंत वाटोळं.

एका दिवसात एवढं सगळं कसं होईल असं वाटतंय ना, मलाही वाटलं. पण मूळ नाटक काढून बघा, मंडळी सायप्रस बेटावर उतरल्यापासून डेस्डिमोना मरेपर्यंत मंचावर जेमतेम दीड दिवस जातो, आणि त्यावरून अभ्यासक आजपण भांडतात की बाई गं, हिला एवढ्यात कॅसिओबरोबर लफडं करायला वेळ कधी मिळाला! शेव्हालिएबाईंनी त्या भांडणातून वाट काढायच्या ऐवजी घड्याळ अजून आवळलंय, आणि अकरा वर्षांच्या पोरांच्यात ते खपतंय. सकाळी बेस्ट फ्रेंड, दुपारी कट्टी, हे कुणाला नवीन आहे?

आता रुमाल. ऑथेल्लोमध्ये सगळं त्या रुमालावर अडकलेलं, त्यावर स्ट्रॉबेरी भरलेल्या. थॉमस रायमर नावाच्या टीकाकारानं १६९३ मध्येच खिल्ली उडवलेली की एका रुमालासाठी एवढा तमाशा कशाला. इथं रुमालाची झालीय पेन्सिल केस, गुलाबी, स्ट्रॉबेरीवाली, ओसेइच्या बहिणीची. तो ती डीला देतो आणि मग ती फिरत फिरत भलत्याच पोरीच्या हातात दिसते. मोठ्या सेनापतीनं रुमालासाठी बायकोचा जीव घ्यावा हे आपल्याला पटवून घ्यावं लागतंय, पण सहावीत कंपास, पेन्सिल केस ही केवढी मोठी इस्टेट असते हे पोरांना सांगायची गरजच नाही. भाचीनं इथं पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, हा इयान आमच्या वर्गात पण आहे गं." नाव विचारलं तर सांगेना.

आमच्या बेळगावात तर हे अजून जवळचं वाटतंय. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं, त्यामुळं कॅम्पातल्या शाळांत दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या बाबांची बदली होऊन वर्ष अर्ध्यावर असताना एखादं पोरगं येतंय, त्याला ना कन्नड येत ना मराठी, आणि पहिल्या सुट्टीत त्याच्याशी कोण बोलतंय त्यावर त्याचं पुढचं वर्ष ठरतंय. शाळेचं ग्राउंड म्हणजे सायप्रसच की, बाहेर जायची सोय नाही, मोठी माणसं कडेला उभी आणि त्यांना काही दिसत नाही. उलट ह्यातले मास्तर मिस्टर ब्रॅबंट बघतात ते पण वाकड्या नजरेनं. वर्णद्वेषाची भाषा जशीच्या तशी आहे, बारक्यांना देणार असाल तर आधी स्वतः वाचा.

दीड स्टार कुठं कापला ते सांगते. ऑथेल्लो कोण होता? व्हेनिसला त्याची गरज होती. तुर्क चालून आले तर अर्ध्या रात्री सभेत बोलावून घ्यावं लागतंय असा माणूस, म्हणून तो कोसळतो तेव्हा वाड्याची तुळई पडल्यासारखं वाटतंय. ओसेइची त्या शाळेत कुणाला गरजच नाही. बिचारा सकाळीच आला, त्याला उंचीच नाही तर पडणार कुठून? वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण भीती वाटत नाही. पोरांसाठी नाटक छोटं करताना इथंच सगळे घसरतात असं माझं मत. नायकाचं वय कमी करा, त्याचा मान कमी करू नका.

दुसरं म्हणजे इयान. बाई पाळीपाळीनं सगळ्यांच्या डोक्यात जातात, इयानच्या पण. त्यामुळं तो असा का वागतो ते कळतंय, ग्राउंडवरची आपली दादागिरी जाईल ही धास्ती. इयागो मात्र शेवटी पकडला गेल्यावर तोंड मिटतो आणि मी आता एक शब्द बोलणार नाही म्हणतो, प्रेक्षक घरी जाऊन डोकं खाजवतात. ते इथं नाही. भाचीला हे चाललं, मला नाही चाललं.

नाटकाची कादंबरी केली म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच, आपल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० ला ह्याच ऑथेल्लोवरून झुंजारराव हे मराठी नाटक केलं, आणि देवल बेळगावातच शिकलेले, इथंच मास्तरकी केलेले. फरक एवढा की देवलांनी सरदाराचा सरदारच ठेवला.

पोरांना देणार असाल तर आधी ही कादंबरी, आणि लगेच मूळ नाटकातला तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश, जिथं इयागो हळूहळू कान भरतो, तो दोघांनी मोठ्यानं वाचा. आम्ही वाचला. भाचीनं हट्टानं इयागो घेतला आणि इतका गोड आवाज लावला की वहिनी आतून बघायला आली काय चाललंय.

इथल्या दुकानात मला मिळालं नाही, ऑनलाइन मागवलं, कव्हर दुमडून आलं, चॅटवर डोकेफोड करून सोडून दिलं. कुणाला पाहिजे असेल तर टिळकवाडीत येऊन माझी कॉपी घेऊन जा, फक्त शेवटचं पान आधी उघडू नका आणि महिन्याभरात परत आणा, भाचीच्या मैत्रिणींचा नंबर लागलाय.