एका जनुकाचा लठ्ठपणा आणि अनेक जनुकांचा लठ्ठपणा

‘आमच्या घराण्यातच जाडी आहे’ या वाक्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली दुर्मीळ आहे. तीत एकाच जनुकातल्या बिघाडाने सारं बिनसतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार करतात आणि ते मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप देतं. १९९७ साली केंब्रिजच्या संशोधकांना पाकिस्तानी वंशाच्या, एकमेकांच्या नात्यातल्या दोन मुलांमध्ये हे संप्रेरक जवळजवळ नसल्याचं आढळलं. ती जन्मली तेव्हा त्यांचं वजन नेहमीसारखंच होतं, पण नंतर भूक कधी शमलीच नाही. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर भूक आटोक्यात आली आणि वजन उतरलं. अशा मुलांना किंवा त्यांच्या आईला ‘खादाडपणा’वरून बोल लावणं मला क्रूर वाटतं. तान्हेपणापासून वजन झपाट्याने वाढत असेल आणि भूक भागतच नसेल, तर मुलाला बालसंप्रेरकतज्ज्ञांकडे न्यावं.

दुसरा प्रकार बहुतेकांचा. यात शेकडो जनुकीय फरकांचा थोडाथोडा वाटा असतो. २००७ मध्ये लठ्ठपणाशी संबंध आढळलेलं एफटीओ हे जनुक त्यातलं सर्वांत परिचित. त्यातल्या जोखमीच्या फरकाच्या दोन्ही प्रती (आई आणि वडील दोघांकडून एकेक) असलेल्या प्रौढांचं वजन, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी तीनेक किलो जास्त भरलं. शरीराची नियमित हालचाल असणाऱ्यांमध्ये हा परिणाम कमी दिसतो. इथे महागड्या जनुकीय चाचणीपेक्षा चालणं, झोप आणि ताटातलं अन्न यांकडे लक्ष देणं मला जास्त मोलाचं वाटतं.