बाल्सा किटमध्ये माझे १७,५८९ रुपये गेले, तुम्ही तरी नीट बघून घ्या

आधी आकडे सांगतो, म्हणजे उगाच बोंब मारतोय असं कुणाला वाटायला नको. किट म्हणजे रिमोटवर उडणारं छोटं विमान घरी बांधायचे बाल्सा या हलक्या लाकडाचे सुटे भाग, त्याचे ८,७५० रुपये, मग 'कस्टम आणि हँडलिंग' म्हणून २,३४०, आणि मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), चार सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) असा सेट म्हणून ६,४९९. हातात आलं एक खोकं, ज्यातलं लाकूड विमानात वापरायच्या लायकीचं नाही. मोटर-सर्व्हो आजपर्यंत आलेले नाहीत.

अॅडव्हान्स घ्यायचा, मग 'एवढे भरा की पार्सल सुटेल' म्हणायचं, हे प्रकार तुम्हाला माहीत आहेत, मलाही माहीत होते. पण हा विकणारा माणूस बाकीच्यांसारखा बोलत नव्हता हो. पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर असलेलं हाय-विंग ट्रेनर, म्हणजे वर पंख असलेलं शिकाऊ विमान, आता बनत नाही, शेवटचे दोन उरलेत म्हणाला, आणि मी विचारायच्या आधीच रिबला (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळीला) ताठ सी-ग्रेन शीट का आणि पंखाच्या पुढच्या वाकणाऱ्या आवरणाला लवचीक ए-ग्रेन का, हे अगदी बरोबर सांगितलं. डायहेड्रल (पंखांचा वर उचललेला कोन), फायरवॉलचं (मोटर बसते त्या फळीचं) प्लाय, सगळं तोंडपाठ. असं बोलणारा चोर असेल हे कुणाच्या डोक्यात येईल? आणि स्वस्ताच्या मोहात पडलो असं तर कुणी म्हणूच नका, किंमत अजिबात पडेल नव्हती. फोमची दोन विमानं उडवून झाली होती, पहिल्यांदा लाकडाचं बांधायचं म्हणून आठ महिने पैसे बाजूला काढत होतो.

आता जे आठवलं की अजून झोप उडते ते सांगतो. त्याने रिबचा फोटो पाठवला होता, टेबलावर ओळीने मांडलेल्या. मी तिसरी रिब झूम करून बघितली. लाकडाची रेघ वरून खाली जात होती. रिबमध्ये रेघ पुढून मागे असते, लीडिंग एजकडून (पंखाच्या पुढच्या कडेकडून) ट्रेलिंग एजकडे (मागच्या कडेकडे), नाहीतर मागचं निमुळतं टोक बोटाने दाबलं तरी मोडतं. हे मला पक्कं माहीत होतं! शिवाय लेझरने कापलेल्या बाल्साची कड करपून तपकिरी होते, ह्या कडा पांढऱ्याफटक आणि पिंजलेल्या. मी दिसत असूनही बघत राहिलो, मग म्हटलं उजेडामुळे तसं वाटत असेल, आणि पैसे पाठवले. 'सर, ग्रेन उभी का दिसतेय?' एवढं एक वाक्य टाइप करायचं होतं.

खोकं आलं. प्लॅन बोर्डवर पसरला, वर मेणकागद, टाचण्यांनी खालचा स्पार (पंखाची लांब दांडी) बसवला आणि सीएने (झटपट चिकटणाऱ्या ग्लूने) सात रिब चिकटवल्या. रिब मागे जरा बाहेर येत होत्या, वाटलं नंतर घासून घेऊ. मग खाचा पाडलेली ट्रेलिंग एज लावायला गेलो तर पहिल्या दोन खाचा कशाबशा बसल्या आणि पुढे सरकतच गेल्या, सातव्या रिबपाशी साडेतेरा मिलिमीटरचा फरक. तेव्हा कुठे प्लॅनवरची १०० मिलिमीटरची स्केल पट्टी मोजली, ती ९७ भरली. कुणाच्या तरी प्लॅनची फाइल उचलून 'फिट टू पेज'वर, म्हणजे कागदात मावेल अशी आकसून छापलेली. किट कुठलंही असो, सीएचा थेंब पडायच्या आधी ही पट्टी मोजा.

मग शीट वजनकाट्यावर टाकलं. ३ इंच रुंद, ३६ इंच लांब, १/१६ इंच जाडीचं चांगलं बाल्सा साधारण १० ते १८ ग्रॅम भरतं. माझं ३१ ग्रॅम. विकणाऱ्याकडे काट्यावर ठेवलेल्या शीटचा फोटो मागा, खरा माणूस पाच मिनिटांत पाठवेल.

त्याला फोन केला तर म्हणे, "सर, तुम्ही ग्लू लावलाय, आता रिटर्न नाही." दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

आणि आता तक्रारीचं ऐका. बँकेत सांगितलं की पेमेंट तुम्ही स्वतः केलंय, आम्ही काही करू शकत नाही. अॅपवर तिकीट टाकलं, चार दिवसांनी 'निराकरण झाले' असा मेसेज, कुणाशीही बोलणं न होता! पोलिसांकडे गेलो तर आधी "खेळण्यातल्या विमानाचे सतरा हजार?", मग "म्हणजे ड्रोन का, लायसन आहे का?" अहो, फसवलं गेलोय मी आणि कागद माझेच तपासताय! शेवटी म्हणाले माल मिळालाय ना, मग हा दिवाणी वाद, ग्राहक आयोगात जा. तिथे विचारतात समोरच्याचा पत्ता द्या. तो पत्ता शोधायचा कुणी, मी? म्हणून तर पोलिसांकडे गेलो होतो ना! तीन दिवस रजा टाकून फेऱ्या मारल्या आणि हातात फक्त एक पोच पावती. ६,४९९ च्या सेटमधलं काहीच आलेलं नाही, त्याची तरी वेगळी तक्रार घ्या म्हटलं, तर एकाच व्यवहारातलं आहे म्हणाले. खरं तर तीनही पेमेंट वेगवेगळ्या तारखांना झालीत, स्क्रीनशॉट समोर धरले होते.

चॅट डिलीट करू नका, तो आधी करेल, रोज एक्सपोर्ट करून ठेवा. खोकं उघडताना लेबलसकट व्हिडिओ काढा. किट हातात येऊन तपासून होईपर्यंत मोटर-सर्व्होचे पैसे त्याच माणसाला देऊ नका, ही माझी खरी चूक.

परवा तोच फोटो दुसऱ्या नावाने फिरताना दिसला, 'शेवटचे दोन उरलेत' म्हणून. तुमच्याकडे आला तर तिसरी रिब झूम करून बघा.