ई-कोर्ट्स ॲप: तारखेला उत्तम, अपिलाला अपुरं

सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की दाव्याची पुढची तारीख, टप्पा आणि अपलोड झालेले आदेश मोबाईलवर दिसतात, तेही फुकट. तारीख बघायला यापेक्षा सोयीचं काही नाही. घोळ होतो तो ॲपवर आदेश दिसला की लगेच अपिलाचा मेमो (अपिलाचा अर्ज) टाइप करायला घेणाऱ्यांचा.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96 खालचं अपील हुकूमनाम्याविरुद्ध असतं, म्हणजे पक्षकारांचे हक्क ठरवणाऱ्या न्यायालयाच्या औपचारिक निर्णयाविरुद्ध (डिक्री). एखादा मुद्दा आपल्याविरुद्ध गेला, दावा मात्र सुरूच आहे, अशा वेळी केलेलं अपील अकाली ठरून फेटाळलं जातं. याच संहितेतल्या आदेश 7 नियम 11 चा, म्हणजे दावा सुरुवातीलाच नाकारावा असा प्रतिवादीचा अर्ज घ्या. अर्ज मंजूर होऊन दावा नाकारला गेला, तर तो हुकूमनामाच. वादीला अपील आहे. अर्ज फेटाळला, तर प्रतिवादीला अपील नाही, पुनर्निरीक्षणाचा (रिव्हिजन) विचार करावा लागतो. निशाणी 5 वरच्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरच्या हुकुमाला मात्र आदेश 43 खाली अपील आहे. यातलं काहीही ॲप सांगत नाही; आदेश वाचून आपणच ठरवायचं.

कारणांसह निकालपत्र आलं, त्यावरून काढायचा हुकूमनामा अजून तयार नाही, म्हणून थांबायचं का? नाही. आदेश 20 नियम 6अ नुसार हुकूमनामा 15 दिवसांत व्हायला हवा, पण तोवर निकालपत्राच्या प्रतीवर अपील दाखल करता येतं. ॲपवरून छापलेला कागद मात्र त्यासाठी चालवू नका. न्यायालयाच्या नकला विभागाची प्रमाणित प्रतच लागते.

या प्रतीवरचा शिक्का ॲपपेक्षा जास्त कामाचा. अर्जाची तारीख, प्रत तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख: मुदतीतून वजा होणारे दिवस यातल्या पहिल्या दोन तारखांवरूनच मोजायचे. समजा निकाल 3 जूनचा, अर्ज 5 जूनला, प्रत 19 जूनला तयार. जिल्हा न्यायालयातली 30 दिवसांची मुदत 3 जुलैला संपली असती. नकलेचे 15 दिवस वजा जाऊन ती 18 जुलैला संपते. प्रत तयार असूनही आठवडाभर कोणी नेली नाही, तर तो आठवडा आपल्या खात्यातून जातो. हुकूमनामा होईपर्यंत नकलेचा अर्जच केला नाही, तर ते दिवसही वजा होत नाहीत. म्हणून अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा.

अकाली म्हणून फेटाळलेल्या अपिलात गुणदोषांवर निर्णय झालेला नसतो. खरा हुकूमनामा झाल्यावर मुदतीत पुन्हा येता येतं. वाटपाच्या दाव्यात नेमकं उलटं होतं. तिथे आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो, मग प्रत्यक्ष वाटपाचा अंतिम. प्राथमिक हुकूमनाम्यावर 'अंतिम होऊ दे, मग बघू' म्हणत बसलात, तर कलम 97 मुळे अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात प्राथमिक हुकूमनाम्याच्या बरोबर-चूकपणावर वाद घालता येत नाही.

ॲपला पाचपैकी तीन. नकला विभागाच्या शिक्क्याला साडेचार. अर्धा गुण रांगेसाठी कापला.